काढ्याच्या आधी पथ्य

अँजिओप्लास्टी किंवा बायपास होऊन माणूस घरी आला की डॉक्टरांच्या चिठ्ठीच्या जोडीला आणखी एक यादी आपोआप तयार होते. कुणी अर्जुनसालीचा काढा सांगतं, कुणी लसूण, आलं आणि लिंबाचा रस आटवून मधातून घ्यायला सांगतं, कुणी पंचकर्माच्या पॅकेजचा कागद आणून हातात देतं. हे सगळं आयुर्वेदाच्या नावावर खपतं. हृदयरोगतज्ज्ञ यावर एक तर हसतात, नाही तर ‘यातलं काही घेऊ नका’ एवढं म्हणून पुढच्या पेशंटला आत बोलावतात. आयुर्वेद म्हणजे काहीतरी पोटात घ्यायचं, हे मात्र दोन्ही बाजूंनी गृहीतच धरलेलं असतं. मला ते गृहीतक चुकीचं वाटतं. हृदयावरच्या उपचारानंतर उभं राहताना आयुर्वेदाकडून घेण्यासारखं जे आहे, ते मुख्यतः पथ्यात आणि दिनक्रमात आहे. बाटलीत आणि पुडीत त्या मानाने थोडं आहे, आणि पहिल्या वर्षात तर त्यातलं काही अंगाशी येणारंही आहे.

आधी हृदयात झालंय काय, ते नीट बघायला हवं. १६ सप्टेंबर १९७७ रोजी झुरिचमध्ये आंद्रेआस ग्रुन्टझिग यांनी हृदयाच्या रोहिणीत फुगा फुगवून पहिल्यांदा वाट मोकळी केली. पुढे ती वाट पुन्हा मिटू नये म्हणून धातूची जाळी, म्हणजे स्टेंट, बसवायला सुरुवात झाली आणि त्यानंतर त्या जाळीवर औषधाचा लेप आला. ही जाळी रक्ताच्या दृष्टीने परकी वस्तू असते. परक्या धातूला रक्त लागलं की प्लेटलेट्स तिथे चिकटू लागतात. रोहिणीचं आतलं अस्तर हळूहळू जाळीवर पसरतं आणि तिला झाकून टाकतं. पण त्याला महिने लागतात, आणि लेपाच्या औषधाने ते आणखी लांबतं. तेवढा काळ गुठळी होऊ नये म्हणून अ‍ॅस्पिरिन आणि जोडीला क्लोपिडोग्रेल किंवा टिकाग्रेलॉरसारखी दुसरी गोळी देतात. ठरवून केलेली अँजिओप्लास्टी असेल तर साधारण सहा महिने आणि हार्ट अ‍ॅटॅकनंतरची असेल तर साधारण वर्षभर दोन्ही गोळ्या चालतात. रक्तस्रावाचा धोका पाहून डॉक्टर ही मुदत कमी-जास्त करतात. २००५ साली ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात जर्मनी आणि इटलीतल्या २,२२९ रुग्णांचा अभ्यास आला होता. नऊ महिन्यांत त्यांतल्या २९ जणांच्या स्टेंटमध्ये गुठळी झाली आणि त्या २९ पैकी १३ जण दगावले. गुठळी कुणाला होईल हे सांगणाऱ्या कारणांत सगळ्यांत वरचं कारण होतं, मुदतीआधी गोळ्या बंद करणं.

‘अ‍ॅलोपॅथी लक्षण दाबते, आयुर्वेद मुळाशी जातो, मग जन्मभर गोळ्या कशाला?’ हा आक्षेप इथे हमखास येतो. त्यात एक भाग खरा आहे. स्टेंटने रोग बरा होत नाही, त्याने फक्त एक अरुंद जागा मोकळी होते. रोहिण्यांच्या भिंतींत मेद साचण्याची प्रक्रिया तशीच चालू राहते आणि ती थोपवायची तर आहार, तंबाखू, झोप, साखर, रक्तदाब या सगळ्यांना हात घालावा लागतो. पण मूळ कारणाची काळजी घेतली म्हणून जाळीवरची गुठळी टळत नाही. ते दोन वेगळे प्रश्न आहेत. चरक-सुश्रुतांच्या काळी माणसाच्या रोहिणीत धातूची जाळी नव्हती, त्यामुळे तिच्यावरचा उपाय त्यांच्या ग्रंथांत शोधणं हा ग्रंथांवरच अन्याय आहे. आणि कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या स्टॅटिनच्या गोळीबद्दल बोलायचं, तर अशा रुग्णाचं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, ७० च्या खाली, बऱ्याच तज्ज्ञांच्या मते ५५ च्याही खाली ठेवायचं असतं. निव्वळ पथ्यावर तिथपर्यंत पोहोचणारी माणसं फार थोडी.

मग ग्रंथांत शोधायचं काय? सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातला एकोणिसावा अध्याय, व्रणितोपासनीय, उघडून पाहावा. जखमेचा रुग्ण शस्त्रक्रियेनंतर कसा सांभाळायचा, एवढ्याच विषयाला वाहिलेला हा अध्याय आहे. खोली स्वच्छ हवी, थेट वारा येऊ नये. अंथरूण ऐसपैस आणि मऊ हवं. नखं आणि केस बारीक कापलेले हवेत, कपडे पांढरे आणि धुतलेले. मोहरी, कडुनिंबाचा पाला, तूप आणि मीठ यांची धुरी दिवसातून दोनदा, दहा दिवस द्यायची. जिवाभावाच्या माणसांनी जवळ बसून चांगल्या गोष्टी सांगत वेदनेवरून त्याचं मन हलवायचं. दिवसा झोपू द्यायचं नाही, त्याने जखमेला सूज आणि ठणका वाढतो असं त्यांचं निरीक्षण. बायपासनंतर छातीवर लांब टाके आणि शीर काढलेली असेल तर पायावर दुसरे, अशा रुग्णाच्या खोलीसाठी आजही यातलं बरंच जसंच्या तसं चालेल. धुरी मात्र नको. फुप्फुसं नुकती कुठे पुन्हा नीट फुलायला लागलेली असतात आणि धुराने उठलेला खोकला छातीच्या हाडाला परवडत नाही. उठणं, बसणं, चालणं जपून करावं असंही सुश्रुत सांगतात. इथे आजचं ज्ञान पुढे गेलं आहे. बायपासच्या रुग्णाला दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच उभं करतात, कारण पडून राहिल्याने पायात गुठळी होते आणि छातीत कफ साठतो. ग्रंथ मानायचा म्हणजे त्यातली ओळन् ओळ पाळायची असं नाही, हे इथे सरळ दिसतं.

त्याच अध्यायात खाण्याची यादी आहे आणि ती मराठी स्वयंपाकघराला अजिबात परकी नाही. जुन्या तांदळाचा गरम, थोडा स्निग्ध, पातळसर भात, मुगाचं कढण, तांदुळजा, चाकवत, कोवळा मुळा, पडवळ, कारलं, डाळिंब, आवळा. त्यात वांगंही आहे. टाके असले की वांग्याला घरात बंदी घालणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी. टाळायच्या यादीत नवं धान्य, उडीद, आंबट-खारट-तिखट, गूळ, पिठाचे पदार्थ आणि सुकवलेलं मांस येतं. लोणचं, पापड, खारवलेली सुकी मासळी, बेकरीचे पदार्थ हे सगळं यात बसतं, आणि मीठ कमी करा म्हणणाऱ्या आहारतज्ज्ञांची यादीही याहून फार वेगळी नसते. शोधनानंतर, म्हणजे वमन-विरेचनासारख्या शुद्धीनंतर, भूक पूर्ववत होईपर्यंत चढत्या क्रमाने आहार द्यायची पद्धत चरकांनी सांगितली आहे. आधी पेज, मग मऊ भात, मग बिनफोडणीचं कढण, मग फोडणीचं, शेवटी मांसरस. बायपासनंतरचे पहिले दिवस तोंडाला चव नसते, वेदनाशामकांनी आणि लोहाच्या गोळ्यांनी पोट बांधलेलं असतं, आणि शौचाला कुंथणं तर छातीलाही नको आणि रक्तदाबालाही. अशा वेळी हा क्रम फार उपयोगी पडतो. मात्र तो काही दिवसांचा आहे, हे घरोघरी विसरलं जातं. जेवण जात नाही म्हणून महिनामहिना पेजेवर ठेवलेला माणूस अशक्तच होत जातो. हाड जुळायला आणि जखम भरायला प्रथिनं लागतात. सुश्रुत-चरकांनी मांसरस सांगितला तो उगाच नाही. शाकाहारी घरात डाळ, उसळ, ताजं पनीर, दही यांनी ती जागा भरायला हवी. तुपाबद्दल एवढंच, की भातावर घेतलेल्या चमचाभर तुपावर वाद घालण्यात अर्थ नाही. वाटीभर तूप ‘हृदयाला चांगलं असतं’ म्हणून पिणाऱ्यांनी मात्र आपला लिपिड प्रोफाइलचा कागद समोर ठेवावा.

चालायचं किती, हा सगळ्या घरांतला प्रश्न. आयुर्वेदाचं माप अर्धशक्तीचं आहे. कपाळावर, नाकावर, काखेत घाम आला, तोंड कोरडं पडलं आणि श्वास तोंडाने घ्यावासा वाटला की थांबायचं. शिवाय अर्धी शक्ती हे माप धडधाकट, चांगलं खाणाऱ्या माणसासाठी सांगितलेलं आहे. नुकतं ऑपरेशन झालेल्याने त्याच्याही बरंच अलीकडे थांबायला हवं. हृदयरुग्णांच्या पुनर्वसनात आज जी खूण शिकवतात ती याच जातीची आहे. चालताना दोन वाक्यं सलग बोलता आली पाहिजेत. बोलणं तुटायला लागलं तर वेग कमी करायचा. अशा शिस्तीच्या पुनर्वसनाने हृदयविकाराने होणारे मृत्यू आणि पुन्हा रुग्णालयात भरती होणं दोन्ही कमी होतं, हे कॉक्रेन संस्थेच्या आढाव्यांनी दाखवलं आहे. आपल्याकडे मात्र अँजिओप्लास्टी करणारी केंद्रं तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचली आणि पुनर्वसन मोठ्या शहरांतल्या मोजक्या रुग्णालयांतच राहिलं. ही पोकळी योग भरून काढू शकेल का, हे पाहण्यासाठी ‘योगा-केअर’ नावाची चाचणी भारतातल्या २४ रुग्णालयांत झाली. नुकताच हार्ट अ‍ॅटॅक येऊन गेलेले ३,९५९ रुग्ण तिच्यात होते. एका गटाला तीन महिन्यांत योगासनं, प्राणायाम आणि दिनक्रमाबद्दलच्या बोलण्याची १३ सत्रं मिळाली, दुसऱ्या गटाला नेहमीचा सल्ला थोडा वाढवून. निकाल २०२० साली छापून आला. मृत्यू, पुन्हा अ‍ॅटॅक, पक्षाघात वगैरे मोठ्या घटना योगाच्या गटात ६.७ टक्के आणि दुसऱ्या गटात ७.४ टक्के रुग्णांत घडल्या. म्हणजे फरक दिसला, पण तो योगायोगाचा नाही असं म्हणण्याइतका मोठा नव्हता. योगाच्या गटातली माणसं आपल्या जुन्या कामाधंद्याला मात्र अधिक चांगल्या प्रकारे परतली. ज्यांनी बहुतेक सत्रं केली त्यांच्यात मोठ्या घटनाही बऱ्याच कमी झाल्या. पण नेमाने येणारा माणूस गोळ्याही नेमाने घेत असतो, त्यामुळे याचं सगळं श्रेय योगाला देता येत नाही. माझ्या मते हा निकाल नम्र आहे आणि मौल्यवानही. जीव वाचवण्याचा दावा त्यातून निघत नाही. हिंडता-फिरता माणूस होण्याचा मात्र निघतो.

आणखी एका बाबतीत जुने वैद्य आजच्या फायलीपेक्षा सावध होते. हृदय जपायचं असेल तर मनाला दुःख देणारी कारणं विशेष टाळावीत, असं चरक सांगतात. जे वेग अडवू नयेत त्यांच्या यादीत त्यांनी अश्रू घातले आहेत आणि श्रमानंतर लागलेली धापही. या दोन्हींना अडवल्याच्या परिणामांत हृद्रोगाचं नाव येतं. यातली कारणमीमांसा आज कुणी शब्दशः मानणार नाही. पण हार्ट अ‍ॅटॅकनंतर साधारण पाचातल्या एकाला नैराश्य येतं आणि असा रुग्ण औषधं, चालणं, खाणं सगळ्यातच मागे पडतो, हे आता चांगलं माहीत आहे. बायपासनंतर पुरुषमाणूस उगाच रडायला लागला की घरचे घाबरतात, त्याला ‘धीर धरा’ म्हणून गप्प करतात. त्याला रडू द्यावं, आणि दोन आठवड्यांनीही मन वर येत नसेल तर तसं डॉक्टरांना सांगावं.

आता औषधांकडे येऊ, आणि पहिला मान अर्जुनाचा. वाग्भटांपासून हृदयरोगात त्याचा उल्लेख आहे. अकराव्या शतकातल्या चक्रदत्तात अर्जुनसालीचा क्षीरपाक येतो. आधुनिक अभ्यासही झाले आहेत. २००२ साली इंदूरच्या डॉक्टरांनी छातीत दुखण्याचा जुना त्रास असलेल्या ५८ पुरुषांना प्रत्येकी एक आठवडा अर्जुन, एक आठवडा नायट्रेटची गोळी आणि एक आठवडा नुसती दिखाऊ गोळी दिली. ट्रेडमिलवर अर्जुनाचा निकाल नायट्रेटच्या जवळपास आला. पुढे २०१६ साली दिल्लीच्या एम्समधल्या संशोधकांनी हृदय अशक्त झालेल्या १०० रुग्णांवर बारा आठवडे चाचणी घेतली. हृदयाच्या पंपाची ताकद वाढली नाही. चालण्याच्या क्षमतेत आणि रोजच्या त्रासात काहींना फरक पडला. म्हणजे अर्जुन निरुपयोगी आहे असं कुणी म्हणू नये आणि त्याने ‘ब्लॉकेज विरघळतं’ असंही म्हणू नये, तसं कुणी दाखवलेलं नाही. स्टेंट बसलेल्या माणसाने दोन गोळ्यांऐवजी अर्जुन घ्यावा, याला तर कसलाच आधार नाही.

गुग्गुळाची गोष्ट जास्त शिकवणारी आहे. बनारसच्या जी. व्ही. सत्यवती यांनी १९६६ च्या आपल्या प्रबंधात सुश्रुतांच्या मेदविषयक वर्णनाचा धागा पकडून गुग्गुळावर काम केलं आणि त्यातून कोलेस्टेरॉल कमी करणारं देशी औषध उभं राहिलं. २००३ साली अमेरिकेत १०३ जणांवर आठ आठवड्यांची चाचणी झाली तेव्हा एलडीएल उतरण्याऐवजी थोडं वाढलं आणि काहींच्या अंगावर पुरळ उठलं. त्याआधी १९९४ मध्येच मुंबईच्या संशोधकांनी एक वेगळी गोष्ट दाखवली होती. गुग्गुळाचा अर्क घेतलेल्या निरोगी माणसांच्या रक्तात प्रोप्रॅनोलॉल आणि डिल्टियाझेम ही हृदयाची औषधं नेहमीपेक्षा कमी पोहोचत होती. रुग्ण गोळी वेळेवर घेतो, तरी ती पुरत नाही, आणि कारण कुणाच्याच लक्षात येत नाही. इतर नेहमीच्या वस्तूंचं असंच. ज्येष्ठमध सतत घेतलं तर रक्तदाब चढतो आणि पोटॅशियम उतरतं. डिगॉक्सिन चालू असलेल्याला हे धोक्याचं आहे. पोटासाठी घेतलेल्या लवणभास्कर चूर्णात मिठंच मिठं असतात. अर्जुनारिष्टात गूळ असतो आणि आंबण्यातून तयार झालेलं अल्कोहोलही, आणि यातले किती तरी रुग्ण मधुमेहीसुद्धा असतात. लसणाच्या कॅप्सूल रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांच्या जोडीला रक्तस्राव वाढवू शकतात. फोडणीतल्या लसणाला कुणाची हरकत नाही. धातूची झडप बसवून वॉरफरिन घेणाऱ्याने मेथी, चाकवत, शेवग्याचा पाला बंद करायची गरज नाही, प्रमाण मात्र आठवड्यागणिक सारखं ठेवावं. हृदयार्णवासारख्या रसकल्पांत पारा आणि तांबं असतं. शास्त्रोक्त तयार केलेलं आहे या भरवशावर अशी औषधं दुकानातून परस्पर घेऊ नयेत. मूत्रपिंडं आधीच थकलेली असतील तर मुळीच नकोत.

पंचकर्माबद्दल थोडक्यात. वमनात छातीवर ताण येतो, विरेचनात पाणी आणि क्षार जातात, स्वेदनाने रक्तदाब खाली येतो. छातीचं हाड जुळायलाच दोन-तीन महिने लागतात. त्या काळात छातीवर तेलाची बस्ती किंवा टाक्यांच्या आसपास मर्दन नको. पुढेही इको पाहिल्याशिवाय नको. दुर्बल रुग्णाला शोधन देऊ नये, हा आयुर्वेदाचाच नियम आहे. पॅकेजच्या कागदावर तो छापलेला नसतो.

‘आयुर्वेद प्रत्येकाच्या प्रकृतीनुसार चालतो, त्याला सरसकट चाचण्यांच्या फूटपट्टीने मोजू नका,’ असंही म्हटलं जातं. प्रकृती पाहून वेगवेगळे उपचार द्यावेत आणि त्या सगळ्या गटाचा निकाल दुसऱ्या गटाशी ताडून बघावा, यात अडचण काहीच नाही. आणि दूरचित्रवाणीवर जाहिरात करून एकच डबी सगळ्या महाराष्ट्राला विकणाऱ्याने प्रकृतीचं नाव घेऊ नये. हृदयविकार बरा करण्याची जाहिरात करायला १९५४ च्या कायद्याने मुळातच बंदी आहे. चाचणीची आयुर्वेदाला ॲलर्जी असती तर सर्पगंधेचं जे झालं ते झालं नसतं. मुंबईचे रुस्तुम जाल वकील यांनी १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये रक्तदाबाच्या ५० रुग्णांवरचे अनुभव छापले आणि जगभर रिसर्पिनचा वापर सुरू झाला. पुढे चांगली औषधं आली, रिसर्पिनने काहींना नैराश्य येतं हे कळलं आणि ते मागे पडलं. यात सर्पगंधेचा अपमान कुठे झाला?

उरतो तो हृदयरोगतज्ज्ञांचा आक्षेप. एवढे धोके असतील तर सरसकट बंदी घालणं सोपं नाही का? सोपं आहे, पण लागू पडत नाही. बंदी घातली की लोक घेणं थांबवत नाहीत, सांगणं थांबवतात. मग वॉरफरिन घेणाऱ्याचा आयएनआर, म्हणजे रक्त गोठण्याचं माप, का उडतोय याचा शोध चार महिने लागत नाही. वैद्यांनाही हेच लागू आहे. डिस्चार्ज कार्ड न वाचता चूर्ण देणारा आणि काय घेताय हे न विचारता गोळी वाढवणारा, दोघंही अंधारातच काम करतात. पेज, कढण, अर्धशक्तीचं चालणं, रात्रीची पुरेशी झोप आणि जवळच्या माणसांचं बसणं-बोलणं यांना कुणाची परवानगी नको. ते घरी आल्या दिवसापासून सुरू करा. काढा, चूर्ण, अरिष्ट यांतलं काही घ्यायचं असेल तर दोन्ही डॉक्टरांना विचारून, आणि एका वेळी एकच. दात काढायचा असो की दुसरं एखादं छोटं ऑपरेशन असो, रक्त पातळ करणारी गोळी हृदयरोगतज्ज्ञाला विचारल्याशिवाय एक दिवसही बंद करू नका. आणि पुढच्या तपासणीला जाताना घरातल्या सगळ्या डब्या, पुड्या, बाटल्या एका पिशवीत घालून न्या. त्यांतली एकही घरी ठेवू नका.